ढोलकीवाल्याला विचारले का?

गेल्या भाऊबीजेला सडक अर्जुनीला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणीचे ताट खाली ठेवले जाते न जाते तोच भाचा म्हणाला, "मामा, आम्ही खडी गमतीतली जुनी गाणी गिटारवर बसवतोय."

झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार नि खडी गंमत, रात्री नाटक. ती गाणी गिटारवर? म्हणजे धोतरावर टाय! मी तोंड वाकडे केले.

पोरगा रागावला नाही. त्याने 'ब्लॅक कीज' या अमेरिकन जोडीचा २०२१ सालचा 'डेल्टा क्रीम' हा आल्बम लावला. मिसिसिपीच्या डेल्टाशेजारच्या टेकड्यांतली काळ्या माणसांची ही ब्लूज गाणी. बरीचशी आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनियर किम्ब्रो यांनी गाजवलेली. किम्ब्रो १९९८ साली गेले, बर्नसाइड २००५ साली. सूर एकाच जागी घोटाळत राहतो, पण ठेका काही सुटत नाही. ऐकताना मला मंडईच आठवली.

त्याहून मनात भरली ती दुसरीच गोष्ट. बर्नसाइडना वर्षानुवर्षे गिटारची साथ करणारे केनी ब्राउन आणि किम्ब्रोंबरोबर वाजवलेले एरिक डीटन यांना या जोडीने मुद्दाम बोलावून घेतले. नॅशव्हिलला दोन दुपारी मिळून दहाएक तासांत काम उरकले. गायक गेले, तरी त्यांचा ठेका या हातांत शिल्लक होता.

"तुमची ढोलकी कोण वाजवतो रे?" मी विचारले.

"मशीन," भाचा म्हणाला.

त्याच आळीत एक म्हातारे ढोलकीवाले राहतात. दोघे मिळून त्यांच्याकडे गेलो. चहा पुढे करीत ते म्हणाले, "पोरायनं गाने लिहून नेले, भाऊ. मले वाजवाले कोनी नाही इचारलं."

भाच्याची मान खाली गेली. संध्याकाळी त्याने बुवांना हाताला धरून तालमीला आणले. दर दोन ओळींनी ते पोरांना थांबवीत होते. गिटारला मात्र त्यांची हरकत दिसली नाही. उलट ती जवळ सरकवायला सांगत होते. हरकत घेणारा एकटा मीच!

यंदाच्या मंडईत बुवा वाजवणार आहेत. बिदागी आधी ठरव, एवढे मी भाच्याला कळवले आहे.