प्राध्यापक झालात, पण मागे कोण उभे केलेत?

आपल्यातला एखादा प्राध्यापक झाला की वस्तीत फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात. व्हायलाच हवीत. पण वीस वर्षांनी त्याच साहेबांना कोणी विचारत नाही, की सर, तुमचे बोट धरून किती पोरे वर आली? हा प्रश्न विचारायचा तर हाताशी मोजपट्टी हवी. मी ती अमेरिकेतून घेतो. जॉन हॅच यांची.

हॅच हे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आरोग्य शिक्षणाचे प्राध्यापक होते. कृष्णवर्णीय. १९४८ साली केंटकी विद्यापीठाला त्यांना कायद्याच्या अभ्यासक्रमात प्रवेश द्यावा लागला, पण गोऱ्या मुलांच्या वर्गात बसू दिले नाही. त्यांच्या एकट्यासाठी दुसऱ्या गावात वेगळी शिकवणी लावली. शाळेत गोणपाटावर वेगळे बसवलेल्या भीमरावाची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावायला नको. पुढे हॅच समाजकार्याकडे वळले.

त्यांचे खरे विद्यापीठ मात्र मिसिसिपीत होते. माउंड बायू हे माजी गुलामांनी १८८७ साली वसवलेले गाव. १९६० च्या दशकात त्या भागात कापूस वेचायला यंत्रे आली आणि गोऱ्या मळेवाल्यांनी वाटेकरी कुटुंबांना वाऱ्यावर सोडले. चहूकडे सुपीक जमीन आणि घरात उपाशी लेकरे. टफ्ट्स विद्यापीठाच्या जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या दोन डॉक्टरांनी सरकारी पैशातून तिथे आरोग्य केंद्र उभारले. १९६७ मध्ये ते सुरू झाले.

गायगर यांचे नाव आज पुस्तकांत आहे. पण दवाखान्याची दारे उघडण्याआधी घराघरांत आणि चर्चमध्ये बैठका घेऊन, ‘तुम्हाला काय हवे?’ हे विचारणारा माणूस हॅच होता. लोकांनी औषध मागितले नाही. अन्न, पाणी, घर आणि काम मागितले. हॅच यांनी ते ऐकले आणि गावोगावी लोकांच्या दहा आरोग्य संघटना बांधल्या. केंद्राच्या माणसांनी विहिरी खोदल्या, संडास बांधले. कुपोषित मुलांच्या चिठ्ठीवर डॉक्टर अन्न लिहून देऊ लागले आणि दुकानाचे बिल औषधांच्या पैशातून भागवू लागले. वरच्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला. केंद्राचे उत्तर सरळ होते : भुकेचे औषध अन्नच आहे.

तरी हॅच तिथे थांबले नाहीत. दान कायम पुरत नाही, हे त्यांना कळत होते. त्यांच्या पुढाकाराने सुमारे हजार कुटुंबांची सहकारी शेती उभी राहिली. कालपर्यंत मालकाचा कापूस पिकवणारे हात आता स्वतःच्या ताटातली भाजी पिकवू लागले.

मित्रांनो, आरोग्य शिक्षण याला म्हणतात. आपल्याकडे काय चालते? वस्तीत एक व्हॅन येते, ‘हात स्वच्छ धुवा’चे पत्रक वाटते आणि फोटो काढून निघून जाते. नळाला पाणी किती वेळ येते, हे कोणी विचारत नाही. गटारात उतरणाऱ्याला व्यसनमुक्तीवर व्याख्यान दिले जाते, पण त्याला गटारात कोणी उतरवले यावर शब्द नाही. जात बाजूला ठेवून दिलेले आरोग्याचे धडे रोग्यालाच गुन्हेगार ठरवतात. पाण्याचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न आहे, हे १९२७ साली चवदार तळ्यावर सिद्ध झाले. आमच्या आरोग्य विभागांपर्यंत ते अजून पोहोचायचे आहे.

आता मोजपट्टीकडे येतो. त्या केंद्राने स्थानिक पोरापोरींना शिकवून बाहेरच्या कॉलेजांत धाडले. त्यांतून डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ते झाले. एल. सी. डॉर्सी ही वाटेकऱ्याची मुलगी, शाळा अर्धवट सुटलेली. ती आधी सहकारी शेतीची संचालक झाली, पुढे डॉक्टरेट मिळवून १९८० च्या दशकाअखेर त्याच आरोग्य केंद्राची प्रमुख झाली. हॅच स्वतः विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावरही केबिनमध्ये बसून राहिले नाहीत. विद्यार्थ्यांना घेऊन नॉर्थ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये आरोग्याचे काम करत राहिले.

‘नोकरीत बंधने असतात’, असे आपले काही प्राध्यापक म्हणतात. हॅच यांच्या केंद्राचा पैसाही सरकारीच होता आणि विरोधकही सत्तेतच होते. ‘आम्ही आमच्या गुणवत्तेवर आलो’, असेही काही म्हणतात. सर, गुणवत्ता तुमचीच, पण दार कोणी उघडले? १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती कोणासाठी होती?

हा प्रश्न कृतज्ञतेपुरता नाही, जिवाचा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना कसे वेगळे पाडले जाते, हे थोरात समितीने २००७ साली लिहून ठेवले. २०१६ मध्ये रोहित गेला, २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. या मृत्यूंची जबाबदारी जातीव्यवस्थेची आहे, यात शंका नाही. पण अशा कॅम्पसमध्ये एकटे पडलेले पोर ज्याच्या दारावर रात्री अकरा वाजता थाप मारू शकेल, असा आपला माणूस किती ठिकाणी आहे?

१९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून आपले आणि त्यांचे दुःख जोडले. १९७२ साली पँथरने तेच नाते रस्त्यावर आणले. त्या नात्यातून आता ही एक शिकवणही घेऊया. पुढच्या सत्काराला शाल घेऊन जा, हारही घाला. सोबत एक कोरी वही द्या. सरांना म्हणा, यात तुम्ही घडवलेल्या पोरांची नावे लिहा, पुढच्या वर्षी आम्ही वही बघायला येऊ.

जय भीम!