तोंड बांधायचं कुणाचं?

स्कूटीवरून पडलं, बाथरूममध्ये पाय घसरला, नाहीतर 'घसरला' असं सांगावं लागलं. खालचा जबडा मोडला की घरात पहिला प्रश्न खर्चाचा! मग माझ्या पाहण्यात तरी बाईच्या वाट्याला तारच येते. वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधायचे आणि चार ते सहा आठवडे तोंड बंद. घरच्यांच्या पोळ्या तिनंच लाटायच्या आणि स्वतः मात्र पेज, ताक, वरणाचं पाणी.

प्लेटचं तसं नसतं. टायटॅनियमची छोटीशी पट्टी मोडलेल्या हाडावर स्क्रूने बसवतात. फ्रान्समधल्या शॅम्पी यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही पद्धत आता जगभर रुळली आहे. चीर बहुतेकदा तोंडाच्या आतून घेतात, म्हणजे चेहऱ्यावर व्रण नाही. तोंड लवकर उघडतं, काही आठवडे मऊ भात-खिचडी खावी लागते इतकंच. खालचा ओठ काही काळ बधिर राहू शकतो. त्रास नसेल तर प्लेट सहसा काढावीही लागत नाही.

हाड फारसं सरकलं नसेल तर तारेनेही जुळतं, हे खरं. पण ते डॉक्टरांनी ठरवावं, सासऱ्यांनी नव्हे! नवऱ्याचा जबडा असता तर इतका हिशेब झाला असता? मला नाही वाटत.

आणि मैत्रिणींनो, मार लागल्यावर दात पूर्वीसारखे जुळत नसतील तर हळदीचा लेप लावून बसू नका, एक्स-रे काढा. मार कुणाच्या हातचा असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार तुम्ही मागितलेले उपचार दवाखान्याला द्यावेच लागतात. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१.