किंमत उतरते, खर्च उतरत नाही

नव्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलला जेवढे पैसे मोजावे लागतात, थोड्याफार फरकाने तेवढ्यातच सात-आठ वर्षे वापरलेली ऑडी क्यू ७ किंवा बीएमडब्ल्यू एक्स ५ मिळते. रंग चकचकीत, आतले लेदर शाबूत, मीटरवर जेमतेम साठ हजार किलोमीटर. ज्या गाडीसाठी पहिल्या मालकाने सत्तर-ऐंशी लाख मोजले, ती चौथ्या हिश्श्यात दारात उभी राहणार असेल तर भल्याभल्यांचा हिशेब डळमळतो. पुण्या-मुंबईतच नव्हे, तर कोल्हापूर-नाशिकपासून तालुक्याच्या गावापर्यंत अशा गाड्यांना गिऱ्हाईक आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच, की किमतीतली ही प्रचंड घसरण म्हणजे नेमके काय? विकणारा तिला सवलत म्हणतो आणि घेणारा बचत. प्रत्यक्षात ती या गाडीच्या पुढच्या दुरुस्त्यांची बाजाराने आधीच केलेली वजावट असते. ही रक्कम वाचली असे समजून जो ती दुसरीकडे खर्च करतो, त्याला ती दोनदा मोजावी लागते.

या गाड्या मुळात वाईट बनवलेल्या असतात, असा याचा अर्थ नाही. उलट साध्या गाडीत नसतातच असे अनेक भाग त्यांत असतात, आणि जो भाग नसतो तो बिघडतही नाही. एअर सस्पेन्शन घ्या. रेंज रोव्हर, लँड रोव्हर डिस्कव्हरी, मर्सिडीज जीएल, पोर्शे केयेन आणि क्यू ७ च्या काही मॉडेलांत लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेने फुगणारे रबरी फुगे असतात. गाडी त्यामुळे खड्ड्यांवरून तरंगत जाते. पण रबर उन्हाने आणि वयाने कडक होते, फुग्याच्या घडीवर केसाएवढी चीर पडते आणि रात्रभरात गाडीचा एक कोपरा खाली बसतो. सकाळी इंजिन सुरू केले की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी पुन्हा उभी राहते, म्हणून मालक महिनोन्महिने काणाडोळा करतो. हा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. गळती भरून काढायला तो वारंवार चालू लागला की तापतो आणि शेवटी जळतो. पावसाळ्यात हवेतली ओल शोषून घेणारा त्याचा ड्रायरही लवकर निकामी होतो. फुग्याचे काम असे फुगा, कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर जाते. गिऱ्हाईक येण्याआधी अर्धा तास गाडी चालू करून ठेवली की यातले काहीच दिसत नाही. अशी गाडी बघायची तर सकाळी, इंजिन थंड असताना, आणि विकणाऱ्याला आधी न कळवता.

इंजिनाची कहाणी आणखी बोलकी आहे, कारण तिथे भागाच्या किमतीपेक्षा त्याची जागा महाग पडते. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ या दोन लिटरच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. एक्स १ आणि एक्स ३ मध्ये हे इंजिन आले आणि त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या चेनच्या तक्रारी जगभर गाजल्या. चेन सैल झाली की मागून खरखर ऐकू येते. तिच्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स किंवा आख्खे इंजिन उतरवावे लागते. ती तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मर्सिडीजच्या ओएम ६४२ या तीन लिटरच्या व्ही ६ डिझेलमध्ये ऑइल कूलर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खाचेत, टर्बो आणि इनटेकच्या खाली दडलेला आहे. त्याची सील कालांतराने झिरपू लागतात. सील किरकोळ किमतीची, मजुरी मात्र दिवसांच्या हिशेबाने. लँड रोव्हरच्या २.७ आणि ३.० लिटर व्ही ६ डिझेल इंजिनांत क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग निकामी होण्याचे प्रकार इतके घडले आहेत, की अनुभवी फिटर ती गाडी घेण्याआधी ऑइल कधी आणि किती वेळा बदलले हे पहिल्यांदा विचारतो. गिअरबॉक्सचेही तसेच. अनेक कंपन्यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभर पुरते असे सांगितले. पण यांतल्या बऱ्याच गाड्यांना जिचा आठ गिअरचा गिअरबॉक्स लागतो, ती झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत ऑइल बदलायला सांगते. कंपनीच्या लेखी गाडीचे आयुष्य आणि दुसऱ्या मालकाला हवे असलेले आयुष्य यांत तफावत आहे ती इथे.

विजेच्या बिघाडांना तर आवाजही नसतो. पॅनोरमिक सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पावसाचे पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पालापाचोळ्याने आणि मातीने तुंबतात. मग पाणी छताच्या आतून उतरून गालिच्याखाली साचते, आणि नेमके तिथेच, सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी, कंट्रोल मॉड्यूल बसवलेली असतात. मग आज पार्किंग सेन्सर बंद, उद्या गाडी लॉक होत नाही, परवा बॅटरी रात्रीत उतरते. खरे कारण ओला गालिचा असतो, पण मेकॅनिक सेन्सरमागून सेन्सर बदलत राहतो. कित्येक मॉडेलांत नवी बॅटरी टाकली तरी गाडीच्या संगणकात स्कॅनरने तिची नोंद करावी लागते, म्हणजे बॅटरीसारखे रोजचे कामही कोपऱ्यावरच्या दुकानाच्या हातात राहत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषण निकष आल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर सर्रास आला. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज सिग्नलवर रांगत चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीत ते घडत नाही आणि फिल्टर तुंबतो. त्यात वीस-एकवीस इंची चाके आणि पातळ कडांचे टायर. एक खड्डा चुकला नाही की टायरला फुगवटा येतो.

आता कोणी म्हणेल की हे सगळे गॅरेजवाल्यांचे किस्से झाले. मग विमा कंपन्यांचे तक्ते बघावेत, कारण त्यांना गाडीची हौस नसते. भारतातल्या प्रचलित तक्त्यानुसार पाच वर्षांपर्यंतच गाडीचे विमामूल्य मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. अपघाताच्या दाव्यात रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांची, तसेच बॅटरीची निम्मीच किंमत धरली जाते. गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर धातूच्या भागांवर ४० टक्के घट. झिरो डेप्रिसिएशनचे कवच जुन्या गाडीला मिळणे अवघड होत जाते. झीज आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड तर साध्या पॉलिसीत बसतच नाही. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. समजा, विमामूल्य १५ लाख आहे, तर ही रेषा सव्वाअकरा लाखांवर येते. समोरून बसलेल्या एका धडकेत दोन एलईडी हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट, एअरबॅग आणि सेन्सर गेले, आणि हे सगळे ऐंशी लाखांच्या गाडीच्या दराने घ्यायचे असले, तर ती रेषा फार दूर राहत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे आपण म्हणतो. इथे रुपयाची कोंबडी चार आण्यांना मिळालेली असते, मसाला मात्र रुपयाच्याच कोंबडीचा घालावा लागतो.

यावरचा सर्वांत सबळ आक्षेप असा, की त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या लहान गाडीत ना इतकी सुरक्षितता, ना इतका आराम. शिवाय पहिल्या वर्षांतली मोठी घट दुसऱ्याने सोसलेली. हा आक्षेप खोटा नाही. भक्कम सांगाडा, ब्रेक, महामार्गावरचे स्थैर्य या गोष्टी वयाने नाहीशा होत नाहीत. पण स्थैर्य आणि ब्रेक टिकतात ते देखभालीच्या जोरावर. ज्या गाडीचे फुगे गळतात आणि टायर पैसे वाचवायला हलके टाकलेले असतात, ती कागदावरची सुरक्षितता रस्त्यावर देत नाही. दुसरा आक्षेप असा, की सगळ्याच आलिशान गाड्या अशा नसतात, टोयोटा लँड क्रूझर किंवा लेक्सस बघा. जरूर बघावे, आणि त्यांचे जुने भावही बघावेत. त्या गाड्यांची किंमत तितकी कोसळतच नाही. आपल्याकडची फॉर्च्युनर हे तर रोजचे उदाहरण. कोणती गाडी म्हातारपणी किती खर्च काढते हे बाजाराला माहीत असते आणि तो तेच भावात मांडतो. त्यामुळे हा अपवाद मूळ मुद्दाच बळकट करतो. तिसरा आक्षेप असा, की सर्वेक्षणांत यांतल्या काही गाड्या भरवशाच्या ठरतात. जे. डी. पॉवरचे अमेरिकेतले प्रसिद्ध डिपेंडेबिलिटी सर्वेक्षण तीन वर्षे जुन्या गाड्यांचे असते. तिसऱ्या वर्षी गुणी ठरलेली गाडी नवव्या वर्षी काय करील, हे ते सर्वेक्षण सांगत नाही आणि तसा दावाही करत नाही. जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपन्यांच्या दोनशे-अडीचशे मुद्द्यांच्या तपासणीचीही मर्यादा हीच. ती आज काय बिघडले आहे ते सांगते, काय बिघडण्याच्या बेतात आहे ते नाही. सोबतच्या वॉरंटीतून झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात.

बाहेरच्या चांगल्या गॅरेजात जावे, तिथे निम्म्या पैशांत काम होते, हा सल्ला मात्र खरोखर कामाचा आहे. कंपनीच्या खोक्यात येणारे कित्येक भाग मुळात बॉश, झेडएफ किंवा कॉन्टिनेन्टलसारख्या पुरवठादारांचे असतात आणि त्यांच्या स्वतःच्या खोक्यात स्वस्त मिळतात. पण ही वाट खुली राहील याची हमी कोण देणार? ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न देता स्वतंत्र गॅरेजांची कोंडी केली, हा त्यांच्यावरचा ठपका होता. त्या यादीत आलिशान गाड्यांच्या कंपन्या होत्या तशा सामान्यांच्या गाड्यांच्याही होत्या. पुढे प्रकरण वरच्या पायऱ्यांवर गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. पण माहिती देणारे पोर्टल आणि सुटा भाग विकायला लावणारा कायदा यांत फरक आहे. स्कॅनरचे कुलूप कंपनीच्या हातात असेल तोवर कुशल मेकॅनिकही अर्धेच काम करू शकतो.

ही झाली खुल्या दुरुस्तीची उणीव. दुसरी उणीव गाडीच्या इतिहासाची. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्याच बाजाराचा दाखला घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला खरे माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते तेव्हा चांगला मालही वाइटाच्या भावाने जातो आणि हळूहळू चांगला माल बाजारातून निघून जातो. २००१ च्या त्यांच्या नोबेलमागे हेच काम होते. आपल्याकडे ही दरी मोठी आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून राष्ट्रीय हरित लवादाचे आणि २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निर्बंध आल्यावर तिकडच्या कितीतरी गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत आल्या, महाराष्ट्रातही. त्यांतली कोणती नीट सांभाळलेली, कोणती पुरात बुडालेली, कोणाचा मीटर मागे फिरवलेला, हे इथल्या गिऱ्हाइकाला कोण सांगणार? ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत मीटरच्या आकड्याची नोंद होते आणि ती कोणालाही ऑनलाइन बघता येते. बेल्जियममध्ये जुनी गाडी विकताना कार-पास नावाचा किलोमीटरचा दाखला द्यावाच लागतो. आपल्याकडे पीयूसी आणि विम्याचे नूतनीकरण दरवर्षी होतेच. त्या दोन्ही वेळी मीटरचा आकडा ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत चढवला आणि तो खरेदीदाराला खुला केला, तर मीटर फिरवण्याचा धंदा बराचसा आपोआप बसेल. याला नवी यंत्रणा लागत नाही, फॉर्ममध्ये एक रकाना लागतो. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी सक्तीची करणारे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, ते योग्यच आहे. पण त्यांनी व्यापारी ओळखीचा होतो, गाडी नाही.

तोवर घेणाऱ्याने निदान हिशेब सरळ मांडावा. गाडीच्या किमतीत अशा दोन मोठ्या दुरुस्त्यांची रक्कम मिळवावी, ती वेगळी बाजूला ठेवावी, आणि त्या बेरजेवरही गाडी परवडत असेल तरच सौदा करावा. कंपनीचे सर्व्हिस रेकॉर्ड नसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी, कारण त्या स्वस्ताईचे कारण त्या नसलेल्या कागदातच असते. किमतीचा प्रत्येक रुपया कर्जाने उभा करून जो ही गाडी घेतो, त्याला पहिला कॉम्प्रेसर गेला की हप्ता आणि दुरुस्ती यांतून एक निवडावे लागते. बँक थांबत नाही, म्हणून दुरुस्ती थांबते. जुन्या आलिशान गाड्यांना लागलेली बदनामी निम्मी या थांबलेल्या दुरुस्त्यांची आहे. त्या चांगल्या चालवता येतात, पण ज्याला त्यांच्या नव्या किमतीचा खर्च पेलतो त्यालाच.