दोरी ढिली पडते तेव्हा

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. मालवणच्या किनाऱ्यावर आमचे आजोबा या एका हिशेबावर जन्मभर समुद्राची वेळ सांगत आले. मी गेली चौदा वर्षं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टीज नदीच्या मुखापाशी राहते. इथे आल्यावर तो हिशेब लावून पाहिला तर चुकला. पण दर वेळी तेवढाच चुकला, साधारण चार तासांनी. मग मी पाऊणपटीत चार मिळवायला लागले आणि अर्धा तास इकडेतिकडे धरला तर वेळ जुळायला लागली. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात भरतीच्या छापील वेळापत्रकाशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं.

परवा मैत्रिणीच्या मुलाने विचारलं, “मावशी, किनाऱ्यावरून कॉड धरायचाय. कुठला रॉड घेऊ?” त्याला जे सांगितलं, तेच आज लिहिते आहे.

कॉड आपल्या समुद्रात नाही. आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी ओळख झाली ती कॉडलिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळीतून. तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला मासा. इथल्या किनाऱ्याजवळ तो येतो ऑक्टोबरपासून, थंडी पडायला लागली की. दिवसा आणि नितळ पाण्यात फारसा जवळ येत नाही. उत्तरेचा किंवा ईशान्येचा वारा दोन दिवस घोंघावून गेला, लाटांनी तळ ढवळला, खेकडे, किडे, शिंपले उघडे पडले, की नंतरच्या रात्री तो त्यांच्या मागावर किनाऱ्यालगत शिरतो. पाणी तेव्हा दुधाच्या चहासारखं दिसतं. त्या गढूळ अंधारात तो डोळ्यांपेक्षा हनुवटीखालच्या मिशीने चाचपत, चव घेत फिरतो. म्हणून मुलाला म्हटलं, रॉडचं राहू दे, आधी आठवडाभर वारा कुठून येतो ते लिहून ठेव. आजोबा म्हणायचे, “आधी पाण्याक बघ, मगे गरी सोड.” गरवायला बसायच्या आधी ते विडी संपेपर्यंत नुसते पाण्याकडे बघत उभे राहायचे. लहानपणी मला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटे.

दुसरी गोष्ट आमिषाची. इथे सगळ्यांत खात्रीचं आमिष म्हणजे लगवर्म, वाळूत राहणारा किडा. ओहोटीला ओल्या रेतीवर शेवयांच्या वेटोळ्यांसारखे छोटे ढीग दिसतात. ते त्याच्या बिळाचं एक तोंड. वीतभर अंतरावर एक खळगा असतो, ते दुसरं. मधलं बीळ इंग्रजी यू अक्षरासारखं. फावडं त्या दोहोंच्या बाजूने घालायचं, मध्ये नाही, नाहीतर किडा मधोमध कापला जातो आणि त्याचा रस, ज्याच्या वासावर मासा येणार, तो वाळूतच जिरतो. चाळीस किडे काढायला मला पहिल्या दिवशी तीन तास लागले. बोटं पिवळी झाली ती दोन दिवस तशीच होती. वर्तमानपत्रात गुंडाळून ते फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवते. घरात आता कुणी त्याबद्दल विचारत नाही.

साहित्याचं थोडक्यात. चार मीटरच्या आसपास लांबीचा रॉड, साधं रीळ, १५ ते २० पौंड ताण पेलणारं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी. शिसं पाच औंसांचं, म्हणजे १४० ग्रॅमचं, त्याला तारेचे चार पाय, जे वाळूत नांगरासारखे रुततात. शिशाच्या वरती मात्र रॉडच्या दुप्पट लांबीचं जाड तंगूस बांधलंच पाहिजे. दर औंसाला दहा पौंड हा इथला नियम. मी ६० पौंडांचं बांधते. फेकताना बारीक तंगूस तुटलं तर ते शिसं शेजाऱ्याच्या डोक्यात गोळीसारखं बसेल. ही एक गोष्ट मी कधीच सोडत नाही. इंग्लंडमध्ये किनाऱ्यावरून समुद्रात गरवायला परवाना लागत नाही, त्यामुळे अशी काळजी ज्याची त्याने घ्यायची असते.

मी शिकले ते साउथ गेअरवर. टीजच्या मुखाशी समुद्रात गेलेला हा लांबलचक बांध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला, आणि तोही लोखंडाच्या भट्ट्यांतून निघालेल्या मळीचा. माझे गुरू शेजारचे काका, इथल्याच पोलाद कारखान्यातले. २०१५ मध्ये कारखाना बंद झाला तेव्हा ते घरी बसले आणि मग बांधावर येऊन बसले. मला “पेट” म्हणतात, आपल्याकडे “बाय” म्हणतात तसं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की मोठी लाट असेल तर बांधाच्या टोकाकडे फिरकायचं नाही आणि समुद्राकडे पाठ करायची नाही. हे मी घरूनच शिकून आले होते.

पहिल्या सहा रात्री मला काही मिळालं नाही. सातवी भाऊबीजेची. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर आली होती. द्वितीया म्हणजे दीड आणि चार, साडेपाचची भरती. अंधार त्याआधीच पडलेला. उधाणाचं पाणी, दोन दिवसांपूर्वी येऊन गेलेला वारा, आणि लाटांचा आवाज हळूहळू उतरत चाललेला. मालवणात गरवणं म्हणजे बोटावर धरलेली दोरी. मासा लागला की ती बोट कापत खेचली जाते. मीही इथे तसाच झटका यायची वाट बघत होते. साडेचारच्या सुमारास रॉडचं टोक दोनदा किंचित वाकलं आणि मग सरळ झालं. तंगूस सैल पडलं, वाऱ्यावर धनुष्यासारखं झुलायला लागलं. मला वाटलं, शिसं निसटलं, आता परत फेकावं लागणार. काका ओरडले, “मासा! मासा आहे! गुंडाळ!”

कॉड आमिष तोंडात घेतो आणि बहुतेकदा किनाऱ्याच्या दिशेने चालू लागतो. त्या ओढीने शिशाचे पाय वाळूतून सुटतात, आणि जी दोरी ताणली जाईल असं आपल्याला वाटतं, ती ढिली पडते. अशा वेळी थांबायचं नाही. सैल दोरी भराभर रिळावर घ्यायची, पुढे न चालता मागे सरत, जोवर पलीकडे वजन लागत नाही तोवर. मी गुंडाळत राहिले, काहीच लागेना, आणि मग एकदम लागलं. जड, मान झटकल्यासारखे संथ हिसके. आमच्या सुरमईची धाव त्यात नव्हती.

बॅटरीच्या उजेडात पाहिला तो मासा मला अजून दिसतो. हिरवट तपकिरी पाठ, तिच्यावर मोहरीएवढे सोनेरी ठिपके, कुशीवरून जाणारी पांढरी रेघ, पाठीवर तीन पर, आणि हनुवटीखाली ती एकुलती एक मिशी. पट्टीवर ठेवला, ५४ सेंटिमीटर. घरी पोट फाडलं तेव्हा आत नखाएवढे अकरा खेकडे होते.

पट्टीचं महत्त्व काकांना मला सांगावं लागलं नाही. इथे कायद्याने ३५ सेंटिमीटरच्या खालचा कॉड ठेवता येत नाही, पण त्या मापाच्या बहुतेक माशांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. म्हणून माझ्या पट्टीवर मी ५० ला लाल रंगाची खूण केली आहे. मासा संपूही शकतो, त्याची एक गोष्ट आहे. आमच्या घरापासून जवळच, मार्टनमध्ये, १७२८ साली दर्यावर्दी जेम्स कुकचा जन्म झाला. त्याने १७६३ ते १७६७ या वर्षांत आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याचे नकाशे काढले, आणि त्या किनाऱ्याचं मोल तेव्हा कॉडमुळेच होतं. त्याच न्यूफाउंडलंडमध्ये २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करावी लागली, कारण मासाच उरला नव्हता. तीस हजारांवर लोकांचं काम गेलं. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. रापणीच्या जाळ्यात एकेकाळी काय काय यायचं ते आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. लहान कॉड ओल्या हातांनी धरून, गरी काढून, पाण्याजवळ वाकून सोडावा. बांधावरून भिरकावू नये. सोडल्यावर तो क्षणभर तिथेच थबकतो, कल्ले हलवतो आणि मग गढूळ पाण्यात दिसेनासा होतो.

त्या भाऊबीजेला भावाचा फोन आला तेव्हा मी तव्यावर तुकड्या टाकत होते. कॉडचं मांस पांढरं, पाकळ्यांनी सुटणारं, बांगड्याचा तेलकटपणा नाही. मालवणी मसाला त्याला जड होतो. हळद, मीठ, थोडं आगळ, वरून रवा, एवढंच पुरतं. भावाने तवा कॅमेऱ्यात बघितला आणि विचारलं, “गरवलस? तू?” मी मासा मापलेली पट्टी त्याला दाखवली.

येत्या शनिवारी तृतीया. सव्वादोन आणि चार, सव्वासहाची भरती. आठवड्याच्या मध्यावर ईशान्येचा वारा येणार असं हवामानखातं सांगतं आहे. माझ्याकडे जादा रॉड आहे, तो मी मुलाला देणार आहे. त्याने फक्त भर दुपारी, ओहोटीला, फावडं घेऊन रेतीवर यायचं आहे.