आकाशातील धूळ आणि आपली माती

अणुबाँबच्या चाचण्या झाल्या त्या नोव्हाया झेमल्याच्या बर्फात, नेवाडाच्या वाळवंटात आणि पॅसिफिकच्या बेटांवर. त्यांच्याशी भंडारा जिल्ह्यातील धानकऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ऋतुचक्राने दिलेले आहे.

मोठ्या स्फोटाची किरणोत्सारी धूळ वातावरणाच्या वरच्या थरात चढते व तेथे महिनोन् महिने तरंगत राहते. उत्तर गोलार्धात हिवाळा सरता सरता ती खाली उतरू लागते. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी हवेचे नमुने तपासले, तेव्हा आपल्याकडेही जमिनीलगतच्या हवेतील तिचे प्रमाण उन्हाळ्यात चढलेले आणि पावसाळ्यात घसरलेले आढळले. मोसमी वारे विषुववृत्तापलीकडची तुलनेने निर्मळ हवा आणतात, आणि उरलेली धूळ पाऊस धुऊन काढतो.

परंतु हवेतून गेले ते नाहीसे झाले, असे नव्हे. ते बांधीत, गवतात, मालगुजारी तलावांत उतरले. स्ट्रॉन्शियम-९० निम्मे होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात, आणि ते कॅल्शियमच्या वाटेने हाडांत शिरते. घाबरून जाण्याचे कारण नाही. १९६३ या सर्वाधिक वर्षावाच्या सालीही जगातील सरासरी मात्रा नैसर्गिक किरणोत्साराच्या दहाव्या हिश्शाहून कमीच होती. प्रश्न न्यायाचा आहे. ज्याने स्फोट केला नाही, ज्याला कोणी विचारले नाही, त्याच्या शेतात ही धूळ का पडावी?

चाचण्या थांबवा, असे पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत सांगितले होते. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अंशतः चाचणीबंदीचा करार झाला, आणि तीनच दिवसांनी भारताने त्यावर सही केली. त्यानंतर वसंतातील ही भरती ओसरत गेली. फ्रान्स व चीन यांनी हवेतील स्फोट पुढेही चालू ठेवले. शेवटचा चीनने १६ ऑक्टोबर १९८० रोजी केला. जे काम पावसाला साधले नव्हते, ते माणसांच्या संयमाने साधले.

तो संयम आज दुबळा होत आहे. १९९६ चा सर्वंकष चाचणीबंदी करार अद्याप अंमलात आलेला नाही. रशियाने २०२३ मध्ये आपली मान्यता मागे घेतली. भारताने १९९८ पासून चाचण्या स्वेच्छेने थांबविल्या आहेत, पण त्या करारावर सही केलेली नाही. स्वेच्छेच्या या व्रताला कराराचे बंधन द्यावे, आणि इतर अण्वस्त्रधारी राष्ट्रांकडे तोच आग्रह धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मृगाच्या सरी आकाश निवळतील. मातीत उतरलेले परत नेणे मात्र त्यांच्या हाती नाही.