सण आपला, वही सावकाराची



आपण देव सोडले, देवांचा खर्च सोडला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. तिसरीत गौरी-गणपती सुटले. आमच्या घरातला कोनाडा मोकळा झाला. मग त्या कोनाड्यात कोण येऊन बसलं? हप्ता येऊन बसला.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर पाळ्या करतो. शाळा दहावीपुढं गेली न्हाई, जे वाचलं ते तिसरी पाळी सुटल्यावर वाचलं. तेव्हा पंडितासारखं बोलत नाही, हिशेब मांडतो. एप्रिल आला की वस्तीतल्या एका घराचा खर्च बघा. भिंतींना रंग. सगळ्यांना नवे कपडे. पोरांना फेटे. तेराच्या रात्री बाराला केक. मंडळाची वर्गणी, त्यात डीजे. चौदाला पाहुण्यांना जेवण. पुढं बुद्धपौर्णिमा. पुढं अशोक विजयादशमी, नागपूरची गाडी. आणि दिवाळी हायच! "आम्ही लक्ष्मी पुजत नाही, पण पोरं शेजाऱ्याचं बघतात ना," म्हणून फराळ आणि फटाके.

पैसा कुठून? बाया फायनान्सच्या गटात नाव घालतात. कर्ज निघतं शिलाई मशीनच्या नावावर, जातं डीजेच्या भिंतीत. जयंती एक दिवस, हप्ता दोन वर्षं. जूनमध्ये पोरगी वह्यांना पैसे मागते तेव्हा बाप म्हणतो, पगार होऊ दे.

दिवाळीचं गणित तर मालक आणि बाजार मिळून घालतात. १९६५ च्या कायद्यानं किमान बोनस ठरला, पुढं तो ८.३३ टक्के झाला. ती बक्षिशी नव्हे, आमच्या घामाचा पैसा. पण तो हातात पडतो ऐन दिवाळीच्या तोंडावर, दुकानं सजलेली असताना. सकाळी आला, संध्याकाळी पेठेत गेला. आणि ज्या कंत्राटी पोराच्या हाती बोनस पडतच नाही, ते उधारीवर दिवाळी करतं.

आता कुणी विचारील, आणि विचारलंच पाहिजे : त्यांनी दहा-दहा दिवस रस्ते अडवायचे, आणि आम्ही एक दिवस वाजवलं की यांचे कान फुटतात? खरं हाय. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात एका अस्पृश्यानं यात्रेहून आल्यावर जातभाईंना जेवण घातलं. पंगतीत तूप वाढलं. एवढ्यावरून सवर्ण लाठ्या घेऊन धावले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना बडवलं. १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये बाबासाहेबांनी हे नोंदवून ठेवलं. वाढणाऱ्याची ऐपत होती, तरी तूप खायचं नाही!

म्हणून सांगतो, साधेपणाचं प्रवचन आम्हाला माडीवरून कुणी देऊ नये. ज्यांची कपाटं पैठण्यांनी भरलीत त्यांनी 'थोडक्यात सुख' आम्हाला शिकवू नये. आमच्या बापजाद्यांनी थोडक्यातच जन्म काढला, आणि तो दुसऱ्याच्या हुकमानं. मी म्हणतो ते हुकमाचं नव्हे. आपण आपल्यात बसून करायचा ठराव हाय. चकवाराच्या माणसाचा झगडा तुपाच्या हक्कासाठी होता, कर्जाच्या हक्कासाठी नव्हता.

जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. पहिल्याच प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंत, सणामागून सण, भट शेतकऱ्याला कसा नागवतो ते मांडलं. आपल्या दारातून भट गेला. यादी तीच राहिली, घेणारे हात बदलले. डीजेवाला, फ्लेक्सवाला, फायनान्सवाला, आणि फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला भावी नगरसेवक.

बुद्ध काय म्हणतो? सिगालोवाद सुत्तात तो मिळकतीचे चार भाग करतो. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून. बघा, उपभोगाला भाग हाय. बुद्ध सुतकी तोंडाचा नव्हता. आणि अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला तो गृहस्थाची चार सुखं सांगतो. त्यातलं एक, अनणसुख. बिनकर्जाचं सुख. हे सुख आपल्या वस्तीत किती घरांना ठाऊक आहे? वंदना रोज म्हणतो आपण!

आता बायांचं. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. सणाला पाचवं घर तिचं स्वतःचं. जयंतीची मिरवणूक तिनं कधी धड बघितली न्हाई. शेगडीपुढनं उठेपर्यंत गाडी पुढं गेलेली असते. आम्ही गाडीपुढं नाचतो आणि बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी काय केलं याची भाषणं देतो. हे ढोंग आधी बंद करा.

आणि काटकसरीची कात्री तिच्या साडीवर चालवू नका. पैसा कमी पडला की पहिली तीच कापली जाते, डीजे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडात बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, लुगडं नीट नेसा, अस्पृश्यपणाची खूण असलेले जड दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा. त्यांनी फाटकं राहा असं सांगितलं नव्हतं. साधेपणा म्हणजे गबाळेपणा नव्हे.

मग करायचं काय? घरच्या कुठल्याही सणाला कर्ज काढायचं नाही, हे पहिलं. धुतलेले पांढरे कपडे, मेणबत्ती, फुलं, त्रिशरण-पंचशील. खिरीचं एक पातेलं, आणि ते पुरुषांनी ढवळायचं. पोरांच्या फीचे पैसे बाजूला काढल्याशिवाय वर्गणीची पावती फाडायची नाही. आणि घरात दर जयंतीला एक पुस्तक, ते सगळ्यांनी बसून मोठ्यानं वाचायचं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी तर नक्की.

हे काही मी नवीन काढलेलं नाही. आपली म्हातारी माणसं भाकरी बांधून दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला जातात आणि पिशवीत पुस्तक घेऊन परततात. कितीतरी ठिकाणी पोरं जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. सण साधा कसा करायचा ते आपल्याच लोकांनी दाखवलंय. आपण डीजेच्या दणक्यात ते ऐकलं नाही एवढंच.

कार्यकर्ते म्हणवता ना? मग मंडळाच्या बैठकीत भांडायच्या आधी घरात भांडा. यंदा घरच्या सणाचा खर्च आईला मांडू द्या, आणि ती नको म्हणेल ते नको. बघू या, किती जणांची छाती होते.

जयभीम!