लॅपटॉप खोलण्याआधी

जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ अडकतो, ही एका ओळीची तक्रार प्रत्यक्षात चार वेगळ्या दुखण्यांची असते. पडद्याच्या मधोमध गोल चक्र फिरत राहते, हे एक. चक्र कुठेच नाही, आवाज सुरळीत येतो आणि चित्र मात्र उड्या मारते, हे दुसरे. पहिली दहा मिनिटे सगळे ठीक चालते आणि पंख्याचा आवाज वाढला की चित्र रखडते, हे तिसरे. आवाज येतो पण चित्रच दिसत नाही, हे चौथे. चक्र फिरते तेव्हा माहिती वेळेत पोहोचत नसते. उड्या पडतात तेव्हा माहिती आलेली असते, पण ती उलगडताना यंत्र कमी पडते. दहा मिनिटांनी सुरू होणारा त्रास बहुधा उष्णतेचा, आणि चित्राचा पत्ताच नसेल तर त्या प्रकारचा कोडेक यंत्रात नसतो. गिऱ्हाइकाच्या भाषेत हे सगळे ‘हँग होतो’. दुकानात मात्र या चारही दुखण्यांवर सर्रास एकच औषध दिले जाते: विंडोज नव्याने टाकायची आणि जोडीला एसएसडी बसवायची.

एसएसडीने लॅपटॉप लवकर सुरू होतो आणि प्रोग्राम चटकन उघडतात, यात वाद नाही. व्हिडिओ उलगडण्याच्या कामात मात्र तिचा काही हात नसतो. आयफोनवर फोर-के दर्जाचा, सेकंदाला ३० फ्रेम्सचा, एचईव्हीसीत घेतलेला व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० एमबी जागा घेतो, म्हणजे सेकंदाला तीन एमबीसुद्धा नाही. ५४०० फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क ठणठणीत असेल तर याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर दिसत असेल किंवा बॅड सेक्टर निघत असतील, तरच डिस्कवर संशय घ्यावा. एरवी गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आठवड्याने तोच लॅपटॉप त्याच तक्रारीसह परत येतो.

खरा भार उलगडण्याचा आहे. १०८०पी चित्रात सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख. सेकंदाला ६० फ्रेम्स असतील तर एक पूर्ण चित्र तयार करायला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपासच वेळ मिळतो. तेवढ्यात काम उरकले नाही तर प्लेअर ती फ्रेम सोडून पुढे जातो, आणि पाहणाऱ्याला तीच उडी दिसते. हे काम ग्राफिक्स चिपमधल्या खास डिकोडरने केले तर सीपीयू जवळपास मोकळा राहतो. डिकोडरला तो कोडेक माहीत नसेल तर सगळे ओझे सीपीयूवर पडते. डिकोडर हा सिलिकॉनमध्ये कोरलेला भाग असल्याने विंडोज कितीही वेळा नव्याने टाकली तरी तो नवे काही शिकत नाही.

म्हणून लॅपटॉपचे वय आणि कोडेकचे वय शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते. एच.२६४ हे प्रमाण २००३चे. इंटेलच्या २०११च्या दुसऱ्या पिढीपासूनचे लॅपटॉप ते आरामात पेलतात. एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे दोन्ही २०१३मध्ये आले. एचईव्हीसीची आठ-बिटची पूर्ण सोय इंटेलच्या सहाव्या पिढीत, म्हणजे २०१५मध्ये आली. दहा-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ यांची पूर्ण सोय सातव्या पिढीत. एव्ही१ हा २०१८चा कोडेक, आणि इंटेलमध्ये त्याचा डिकोडर अकराव्या पिढीपासून, २०२०मध्ये आला. २०१२चा तिसऱ्या पिढीचा आय५ हा एच.२६४च्या काळातला गडी आहे. एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ तिन्ही त्याच्या नंतरचे. एच.२६४ही दहा-बिटचा असेल तर बहुतेक डिकोडर हात वर करतात, हेही ध्यानात असावे.

फाइलच्या नावावरून यातले काही कळत नाही. एमपी४ हा नुसता डबा आहे. आत पोळी-भाजी आहे की वरण-भात, हे झाकणावरून कसे कळणार? व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे एकत्र दाबले की कोडेकचे नाव, रिझोल्यूशन आणि फ्रेम दर समोर येतो. शेजारच्या टॅबमध्ये गळालेल्या फ्रेम्सचा आकडाही असतो. यूट्यूबवर चित्रावर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडले की कोडेकच्या ओळीत एव्हीसी१, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ यांपैकी एक दिसते, आणि तिथेही गळती मोजलेली असते. विंडोज १०च्या टास्क मॅनेजरमध्ये २०१७च्या अखेरच्या अपडेटपासून जीपीयूचा आलेख मिळतो, त्यात ‘व्हिडिओ डिकोड’ हलत असेल तर चिप काम करते आहे. तिसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुन्या धाटणीचा असल्याने त्या लॅपटॉपवर हा आलेख येतच नाही. तिथे सीपीयूचा आलेख आणि गळतीचा आकडा यांवरच भिस्त ठेवावी लागते.

एक नेहमीचे उदाहरण. लग्नाचा व्हिडिओ नव्या आयफोनवर घेतलेला, फोर-के, ६० फ्रेम्स; लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा, पडदा १३६६ × ७६८. फोनवर व्हिडिओ लोण्यासारखा चालतो, लॅपटॉपवर मंगलाष्टके ऐकू येतात आणि नवरा-नवरी पुतळ्यासारखी उभी. या पडद्यावर साडेदहा लाख बिंदूच मावतात. म्हणजे यंत्र ८३ लाख बिंदू घाम गाळून उलगडते आणि त्यातले आठात सात फेकून देते. इथे लॅपटॉपला हात न लावता फाइल बदलावी. हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधून तिची आठ-बिट एच.२६४, ७२०पी किंवा १०८०पी, ३० फ्रेम्सची प्रत काढली की काम झाले. रूपांतर दुकानातल्या नव्या यंत्रावर करावे, गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर त्याला रात्र पुरणार नाही. मूळ फाइल पुसू नये. पुढच्या वेळेसाठी फोनच्या कॅमेऱ्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला की चित्रण एच.२६४मध्ये होते; फोर-के ६० फ्रेम्स मात्र त्या पर्यायात मिळत नाहीत.

यूट्यूबचे दुखणे याच जातीचे. व्हीपी९ किंवा एव्ही१ जुन्या चिपच्या वाट्याला आला की सीपीयूचा आलेख छताला टेकतो. ब्राउझरमध्ये फक्त एच.२६४ मागणारे छोटे एक्स्टेंशन टाकले की तोच व्हिडिओ चिपकडे जातो. १०८०पीच्या वर यूट्यूब एच.२६४ देत नाही, पण या पडद्यांना त्याची गरजही नाही.

हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा, हा सल्ला सध्या हळदीच्या लेपासारखा सगळ्यावर दिला जातो. चित्र हिरवे पडत असेल किंवा ब्राउझर कोसळत असेल तर तो योग्य आहे, कारण तिथे ड्रायव्हर बिघडलेला असतो. चित्र नुसते उड्या मारत असेल तर हाच सल्ला उलटा पडतो, कारण चिप जे थोडेफार करत होती तेही सीपीयूच्या डोक्यावर येते. नव्याने विंडोज टाकलेल्या लॅपटॉपवर आधी डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ दिसले आणि पडद्याचा उजेड कमी-जास्त होत नसला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. फॉरमॅटनंतर व्हिडिओ आधीपेक्षा जास्त अडकू लागला, या तक्रारीचे मूळ बहुतेकदा इथेच सापडते. विंडोज ७वर चालणारे क्रोम १०९ या आवृत्तीवर थांबले आहे, हेही अशा गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे.

यानंतर स्क्रू ड्रायव्हरची पाळी. दहा वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी होते, आणि पंखा व हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. तो वरून फुंकून निघत नाही, पंखा सोडवून चिमट्याने काढावा लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाते. प्रोसेसरचा वेग गार असताना आणि वीस मिनिटे व्हिडिओ चालल्यावर असा दोनदा टिपला की उष्णतेचा निकाल लागतो.

लॅपटॉप गार असूनही वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास खिळून राहिला असेल तर चार्जर पाहावा. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते आणि तिच्यातून चार्जरची ओळख लॅपटॉपला पटते. सुई वाकली किंवा चार्जर लोकल असला की ओळख पटत नाही, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर किमान वेगाला बांधला जातो. बायॉसमध्ये अ‍ॅडॅप्टरपुढे ‘अननोन’ लिहिलेले दिसते. या एका सुईपायी मदरबोर्ड सदोष ठरवून लॅपटॉप भंगारात काढले जातात.

रॅमबद्दल थोडक्यात. चार जीबीत आजचा ब्राउझर दाटीवाटीने राहतो, आणि अंगची ग्राफिक्स चिप त्याच रॅममधून आपला वाटा घेते. एकाऐवजी दोन पट्ट्या बसवल्या तर तिला फायदा होतो, पण नसलेला डिकोडर त्यामुळे उगवत नाही.

वाचक तंत्रज्ञांना एकच विनंती. जॉब शीटवर ‘व्हिडिओ अडकतो’ या शब्दांपुढे कोडेकचे नाव, गळालेल्या फ्रेम्स आणि प्रोसेसरचा वेग लिहिण्यापुरती एक ओळ राखून ठेवावी, आणि ती भरल्याशिवाय एसएसडीचा भाव सांगू नये.